गेटची माणसं

२४ सप्टेंबर २०१५, गुरुवार

ट्रक अडलेत, माणसं नाही अडली! हे हेमलताला सकाळपासून किती वेळा सांगितलं असेल. तिचं आपलं चालूच — "काहून घाई करून राहिले? टीव्हीवर पहा ना, बॉर्डरवर काय चालून राहिलं ते!" बरं, थांबू म्हटलं तर सोमवारपासून पितृपक्ष. पितृपक्षात सुनेला प्रवासाला काढायचं नाही, हे तिचंच. पुढे नवरात्र, आणि नवरात्र उठेपर्यंत आठवा लागतो. आठव्यात गाडीचे धक्के नकोत — पुन्हा तिचंच. म्हणजे उद्याचा दिवस सोडून दुसरा दिवसच उरत नाही. तरी घाई म्हणे मी करतो!

भांडण एवढंच आहे. नेपाळनं रविवारी नवी राज्यघटना जाहीर केली. तिकडच्या सीमेलगतच्या तराईतले लोक म्हणतात आम्हाला डावललं, ते रस्त्यावर बसलेत. आपल्या दिल्लीलाही ती घटना रुचलेली नाही. मालाचे ट्रक सीमेवर उभे. काठमांडू म्हणतं तुम्ही अडवले. दिल्ली म्हणते आम्ही कशाला अडवू, तुमचेच लोक बसलेत. चार दिवसांचं रुसणं! घरोब्याचे देश, जायला-यायला पासपोर्टही लागत नाही.

समीक्षाचं माहेर बुटवलच्या वर डोंगरात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. टेकबहादुर — समीक्षाचे वडील, माझे व्याही — फोनवर आधी जरा अडखळले. "साब, हमारे यहाँ तो बेटी ससुराल में ही जनती है।" मी म्हटलं, आमच्याकडे नाही तसं. पहिल्या खेपेला मुलीला आईच्या हातचं मिळालं पाहिजे. ते म्हणाले — "आपका रिवाज है तो ठीक है साब।" फौजी माणूस. हुकूम म्हणूनच घेतला असणार.

आमचा आल्हाद बायकोला सोडायला जातोय. बॅग भरताना समीक्षा हेमलताच्या गळ्यात पडून रडली. इथून नेपाळला जाताना रडते, म्हणजे हे घर तिचं झालं. बरं वाटलं.

२७ सप्टेंबर, रविवार

पोचली. आल्हाद परतीच्या गाडीत. म्हणाला, सीमेवर सोनौलीला ट्रकांची रांग संपतच नाही. माणसं मात्र खुशाल जातायत. बघ, मी काय म्हटलं होतं!

६ ऑक्टोबर, मंगळवार

भंवरतालच्या बागेत सकाळचं फिरणं. बाबारावांनी बाकावर बसल्या बसल्या नेपाळ मिटवून टाकला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून परराष्ट्र खातं त्यांच्याकडेच आहे. "अजून आवळा म्हणावं! पेट्रोल आपलं, गॅस आपला, औषध आपलं, अन् ऐट कोणाची? दोन हफ्त्यांत लाईनवर येतात का नाही, पहा तुम्ही."

मी हसलो. मान पण हलवली बहुतेक.

संध्याकाळी समीक्षाचा फोन. पेट्रोल खाजगी गाड्यांना मिळत नाही. बस एखादी येते, तिच्या टपावर माणसं. गॅस संपला, आई चुलीवर करते. "धूर होता है बहुत, बाबा. बाकी मी छान आहे." मराठी आमच्यासाठी बोलते पोरगी, आणि धुराचं हिंदीत सांगते.

१४ ऑक्टोबर, बुधवार

तिकडे नवीन पंतप्रधान आले. आता मिटेल, असं मी म्हणतो. आल्हाद म्हणतो, आता ताणेल. रेल्वेच्या ऑफिसात बसून याला बरं कळतं!

२२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

त्यांच्याकडे आज दशैं. मोठ्या माणसांनी धाकट्यांच्या कपाळाला दही-तांदळाचा लाल टिळा लावायचा. टेकबहादुरांनी मला फोनवरूनच आशीर्वाद मागितला. मी त्यांच्यापेक्षा फक्त दीड वर्षानं मोठा! दिला. नंतर इकडचं तिकडचं बोललो, सीमेचं कोणीच काढलं नाही.

आज फॅक्टरीची फार आठवण आली. दसऱ्याला शस्त्रपूजा, यंत्रांना झेंडूच्या माळा. आणि गेटवर हाच बुटका टेकबहादुर राना, कडक इस्त्री, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. गोरखा पलटणीतून निवृत्त होऊन आमच्या गेटवर सुरक्षेला आलेला. बाहेरून आणलेल्या प्रत्येक वस्तूवर नाव पाहिजे — डबा, छत्री, पाण्याची बाटली. नाव नसेल तर संध्याकाळी ती वस्तू गेटच्या आत राहणार. सुटीच्या वेळी झडती. एकदा माझ्या खिशात पितळेचा एक नट राहिला. चुकून! मी चार्जमन, हाताखाली माणसं, वीस वर्षांची नोकरी, आणि यानं मला सगळ्या शिफ्टसमोर बाजूला उभं केलं, सुरक्षा अधिकारी येईपर्यंत. मी म्हटलं, राना, तू मला ओळखत नाहीस का? "गेट पर पहचान नहीं होता, साब।" दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कडक सलाम. मी महिनाभर घेतला नाही.

त्याचीच मुलगी पुढे शिकायला इथे राहिली, शाळेत शिकवायला लागली, आणि आल्हादनं एक दिवस घरी येऊन सांगितलं. लग्नात मी माइक घेऊन म्हटलं होतं — ज्यानं माझी झडती घेतली त्यालाच मी मुलगा देऊन बसलो! सगळे हसले. टेकबहादुर हसले नाहीत. उठून उभे राहिले आणि सलाम केला. तो मी घेतला.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

हेमलता डिंकाचे लाडू करून राहिली आहे. पाठवायचे कसे, ते विचारलं की चिडते.

५ नोव्हेंबर, गुरुवार

समीक्षाचं बी.पी. वाढलंय. पायांना सूज. बुटवलच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं — बाळंतपण हॉस्पिटलातच, आणि आता लांबचा प्रवास नाही. म्हणजे परत आणायचा मार्ग बंद. हॉस्पिटल डोंगराखाली, घर वर. अँब्युलन्सला फोन केला तर ते म्हणतात डिझेल तुम्ही द्या. शेजाऱ्याची जुनी मारुती व्हॅन आहे, अंगणात उभी. टाकी कोरडी. तिच्यात कोंबड्या बसतात म्हणे.

हे सगळं समीक्षाच्या आईकडून कळलं, तुटक हिंदीत. समीक्षा म्हणे, बाबांना सांगू नका.

तारीख डिसेंबरअखेरची. शेवटच्या आठवड्यात खाली कोणाकडे तरी नेऊन ठेवू म्हणतात. आणि त्याआधीच काही झालं तर? हेमलता देवापुढे बसली ती उठेना.

११ नोव्हेंबर, बुधवार. लक्ष्मीपूजन.

दिवाळी कसली. पणत्या लावल्या एवढंच.

बाबाराव फराळाला आले. चकली तोडत म्हणाले, "अब आया ऊँट पहाड़ के नीचे! लाकडं जाळून राहिले म्हणे तिकडे. चांगलं आहे, अक्कल येईल." मी म्हटलं, बाबाराव, माझी सून तिथे आहे. ते म्हणाले, "अरे भैया, तुमच्या सुनेचं नाही म्हणत. मी देशाचं म्हणून राहिलो."

देशाचं! चूल काय देशाची पेटते? धूर तिच्या डोळ्यात जातो. पण हे मी तोंडावर बोललो नाही, आता कागदाला सांगतोय. अनारसे पुढे केले.

ते गेल्यावर आल्हाद माझ्यावर उखडला. असा कधी बोलत नाही तो. "तुम्ही पण हेच म्हणत होते, बाबा. ऑक्टोबरमध्ये. दो दिन में सीधे हो जाएँगे — आठवतं?" आठवतं. फराळाचं ताट तसंच टाकून वर निघून गेला.

समीक्षाच्या भावाचंही डोकं फिरलंय. बुटवलला भारताविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात तो सगळ्यात पुढे. बापाची पेन्शन भारताची, बहीण भारतात दिलेली, आणि घोषणा आमच्या नावानं! राग येतो. मग वाटतं, मी त्याच्या जागी असतो तर? तरी राग येतोच.

१५ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. मी जातो! आल्हादला बाळंतपणाच्या वेळी रजा लागेल, आत्ता संपवून चालणार नाही. मी मोकळाच आहे. नौतनवापर्यंत रेल्वेनं, तिथल्या पंपावर कॅन भरायचा, सोनौलीला टेकबहादुर पलीकडून येणार. दहा लिटर पेट्रोल. ती व्हॅन डोंगर उतरून हॉस्पिटलला जाईल आणि थोडं पेट्रोल उरेलही. बी.पी.च्या गोळ्या, लाडू, बाळंतविडा. बाळाची झबली हेमलतानं स्वतः शिवली आहेत, टोपडी पण.

निळा कॅन माळ्यावरून काढला, धुतला, उन्हात वाळवला. पांढऱ्या ऑइलपेंटनं त्याच्यावर नाव घातलं — मो. दे. हेमलता हसली. "आता कोणतं गेट आहे तुमचं? कोण पाहणार नाव?" सवय आहे, म्हटलं. बिननावाची वस्तू हातात धरवत नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

रात्री परत आलो. काल गाडीत लिहायला घेतलं, हात चालेना.

परवा दुपारी सोनौली. मी समजत होतो मोठं काही असेल — तारा, बंदुका. तसं काही नाही. एक कमान, गजबजलेला रस्ता, सायकलरिक्षा, खोक्यांची दुकानं. माणसं इकडून तिकडे भाजी घ्यायला जावं तशी जातायत. फक्त टँकर उभे. ड्रायव्हर खाली चुली मांडून बसलेत. एकानं तर टँकरच्या सावलीत तुळस लावलीय, डालड्याच्या डब्यात.

मी सरळ कमानीकडे निघालो, हातात कॅन. लपवायचं काय! वर्दीतल्या पोरानं थांबवलं. आल्हादपेक्षा लहानच.

"इसमें क्या है, अंकल?"

"पेट्रोल."

तो गोंधळला. खरं सांगणारा बहुतेक त्याला दिवसभरात भेटलाच नसावा. "ये नहीं जाएगा, अंकल. ऊपर से आदेश है." मी सून सांगितली, बी.पी. सांगितलं, डोंगर सांगितला. आवाज चढला माझा. पोराचा चेहरा उतरला, पण हात आडवाच. "मेरे हाथ में नहीं है, अंकल."

टेकबहादुर पलीकडून सगळं बघत होते. चालत आले. डोक्यावर फॅक्टरीच्या गेटवर असायची तीच काळी टोपी, ताठ कणा, पण गाल बसलेत माणसाचे. घर ते सीमा अर्धी वाट बसच्या टपावर, उरलेली पायी. माझ्या पाया पडायला वाकले, मी धरलं.

मी म्हटलं, तुम्ही सांगा याला. फौजी आहात, तुमचं ऐकेल. त्यांनी पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जवान अपना ड्यूटी कर रहा है, साब।"

माझं डोकंच फिरलं! नट आठवला, ते तासभर उभं राहणं आठवलं. तिथेच रस्त्यात म्हटलं — तुमच्याच देशानं ओढवून घेतलंय हे सगळं. घटना करायची हौस! आता भोगतं कोण, तुमची मुलगी!

ते चिडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "साब, जवानी से बुढ़ापे तक हमने आपके देश का गेट संभाला। हमारा देश कौन सा है, ये आप ही बताइए।"

चहाच्या टपरीवर बसलो दोघं. टपरीवाल्यानं कॅनकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. वाकून म्हणाला, "अरे बाबूजी, गेट से कौन ले जाता है! वो ऊख का खेत देख रहे हैं? शाम को सब उधर से ही जाता है। कहिए तो अभी पहुँचवा दें।" खरंच, उसाच्या कडेनं बाया-माणसं चालली होती. डोक्यावर गवताचा भारा आणि भाऱ्यात बाटल्या. सगळ्यांना दिसत होतं.

मी टेकबहादुरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. आणि दोघांनीही एकदमच मान हलवली — नाही.

का नाही? गाडीत रात्रभर हाच विचार. आयुष्य गेटमधून आत जाण्यात आणि गेटमधून बाहेर येण्यात गेलं आमचं. हात वर करून झडती दिली, घेतली. कुंपणाखालून काही न्यायचं, हे अंगातच नाही. त्या वेळी मला, खरं लिहायचं तर, अभिमान वाटला. दोघांचाही. आता वाटत नाही.

लाडू, गोळ्या, झबली गेटमधून रीतसर गेली. पोरानं पिशवी उघडून पाहिली, झबलं हातात घेतलं आणि गुपचूप परत ठेवलं. भरलेला कॅन रेल्वेत चालत नाही, म्हणून टपरीवाल्याला म्हटलं, तूच वापर. तो म्हणाला, "हम नहीं लेंगे। नाम लिखा है इस पर। रखा रहेगा, जब चाहिए ले जाइएगा।"

टेकबहादुर कमानीतून जाताना वळले आणि सलाम केला. मी हात उचलला, पण अर्धाच. माझी नौतनव्याची बस सुटत होती, आणि राग गेला नव्हता.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

टेकबहादुरांना फोन लावला. त्यांच्या मुलानं उचलला. "बा सो रहे हैं." भरदुपारी? संध्याकाळी पुन्हा लावला. पुन्हा झोपलेत!

रागावलेत. रागावोत बापडे. मीही काही कमी बोललो नव्हतो, पण माफी मागायला माणूस फोनवर तर यावा!

२ डिसेंबर, बुधवार

तिकडच्या केबलवाल्यांनी आपले सगळे चॅनल बंद केले. इकडे आमच्या गल्लीत मोमोची गाडी लावणाऱ्या नेपाळ्याला पोरांनी दम दिला. तो सिक्कीमचा आहे! कोणाला पत्ता नाही.

टेकबहादुर अजून फोनवर येत नाहीत. समीक्षाला विचारलं तर म्हणाली, "बाबांना बरं नाहीये थोडं. सर्दी." आवाज बसलेला. म्हटलं तुलाही झाली का? हो म्हणाली. थंडी असणारच डोंगरात.

६ डिसेंबर, रविवार

पहाटे आल्हादला फोन आला आणि तो तासाभरात निघाला. तारीख अजून लांब आहे, म्हटलं आत्ताच का? "जायला पाहिजे." डोळे लाल. बायकोच्या काळजीनं एवढा हळवा झालेला बघून हेमलतालाही रडू आलं. मला म्हणाली, "मला काही बरं वाटून नाही राहिलं." मी म्हटलं, तुला कधी बरं वाटतं?

११ डिसेंबर, शुक्रवार

मुलगी झाली!!

दिवस भरायच्या आधीच कळा. पण हॉस्पिटलला पोचली. वेळेत! बी.पी. फार चढलं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या म्हणे, अजून उशीर झाला असता तर दोघींचं खरं नव्हतं. सिझेरियन झालं. दोघी ठीक!

हेमलतानं शेजारी-पाजारी साखर वाटली.

आल्हादला विचारलं, नेलं कसं? "व्हॅननं." पेट्रोल? "होतं." कुठून आलं रे? लाईन खराब असावी, थोडा वेळ काही ऐकूच आलं नाही. मग म्हणाला, "बाबा, मी नंतर बोलतो."

म्हणजे बघ. आम्ही दोघं म्हातारे नीतीनं वागलो आणि देवानं कुठून तरी पेट्रोल दिलं. उद्या भंवरतालला बाबारावांना सांगणार आहे हे.

पण आज तरी टेकबहादुरांनी फोन करायचा होता. आजोबा झालो आम्ही दोघं! हा कसला राग.

२८ डिसेंबर, सोमवार

फोनवर फोटो आला. नात हेमलतानं शिवलेल्या झबल्यात. नाक त्यांचं, कपाळ आमचं. मागे समीक्षाचा भाऊ उभा — पांढरा सदरा, पांढरी पँट, टोपी पांढरी, बूटसुद्धा पांढरे. हेमलता म्हणाली, हे काय? मी म्हटलं, आंदोलनवाल्यांचा गणवेश असेल. निषेध चाललाय आमचा!

फोटोत टेकबहादुर नाहीत. एवढा राग? एका फोटोपुरतं उभं राहता आलं नाही?

आल्हादनं बिनपगारी रजा वाढवली. समीक्षा हलायच्या स्थितीत नाही म्हणतो.

१९ जानेवारी २०१६, मंगळवार

आज ठरवलं, यापुढे त्या माणसाला फोन करायचा नाही.

६ फेब्रुवारी, शनिवार

सुटलं! काल तिकडे रक्सौलच्या सीमेवरचा पूल मोकळा झाला, ट्रक जायला लागले. का बसले, का उठले, कोणालाच धड सांगता येत नाही. बाबारावांनी पेढे आणले. कोण जिंकलं, विचारलं. "आपण!" कसं, ते काही सांगता येईना. मी पेढा घेतला नाही. पहिल्यांदाच नाही म्हटलं त्या माणसाला. उठून घरी आलो.

आल्हादचा फोन — पुढच्या रविवारी पोचतात तिघं.

मग बसून विचार केला. चार महिन्यांत दोन देशांनी जेवढा हट्ट केला तेवढाच मीही करून राहिलोय की! त्यांनी मिटवलं. मग मी का नाही? बारशाला टेकबहादुरांना बोलवायचं. आल्हादबरोबरच निघा म्हणून सांगायचं. आले की आधी दारात उभं करून झडती घ्यायची — खिशात नट आहे का बघू! मग खोव्याची जिलेबी. जबलपूर सोडताना त्यांना तिचंच वाईट वाटत होतं. समीक्षाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "येतो आम्ही, बाबा," एवढंच.

१४ फेब्रुवारी, रविवार

आले. हेमलतानं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातीला घेऊन आत गेली. टेकबहादुर नव्हते. मी रस्त्याकडे बघत राहिलो. समीक्षा पाया पडली. मग आल्हादच्या हातातून निळा कॅन घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. रिकामा. मो. दे.

म्हटलं, हा तर सोनौलीला टपरीवर होता.

आल्हादनं सांगितलं. माझी बस सुटली त्याच संध्याकाळी टेकबहादुर परत टपरीवर आले. कॅन घेतला, उसाच्या शेतातून निघाले. धुकं होतं. कालव्यात पडले, कमरेचं हाड मोडलं. सकाळी सापडले तेव्हा पाण्यात होते, आणि कॅन छातीशी, झाकण वर धरून. एक थेंब सांडला नव्हता. थंडी छातीत उतरली, ती निघाली नाही. पाच डिसेंबरला गेले; फोटोतले मुलाचे पांढरे कपडे सुतकाचे होते. अकराला व्हॅन त्याच पेट्रोलवर खाली गेली.

मला का नाही सांगितलं? मला काहून नाही सांगितलं कोणी?

समीक्षा म्हणाली, त्यांनी शपथ घातली होती सगळ्यांना. शेवटपर्यंत तेच एक — "साब को मत बताना, हम गेट छोड़कर खेत से गया।"